एक पळी तेल

चाळीसगावातल्या एका वसतिगृहात सहा मुलं होती आणि त्यांच्यात सायकली पाच. हिवाळ्यातल्या एका रविवारी गणिताचे सर म्हणाले, "चला, पाटणला जाऊ. भास्कराचार्यांच्या नातवानं जिथं मठ काढला, ते गाव बघून येऊ."

पाटण तिथून सुमारे 18 किलोमीटर. सरांनी आपली जुनी सायकल काढली. मुलांमध्ये एक जण वर्गात कायम पहिला यायचा. त्याची गिअरची सायकल नवी होती. ज्याच्याकडे सायकल नव्हती तो त्याच्याजवळ गेला, तर पहिला म्हणाला, "माझी गाडी डबलसीटची नाही." मग दुसऱ्या एकानं त्याला आपल्या कॅरिअरवर घेतलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. पुढं सातमाळ्याचे डोंगर दिसू लागले तसा चढ लागला. डबलसीटवाले उतरून चालू लागले. पहिला मात्र थांबला नाही. तो केव्हाच पुढं निघून गेला.

सगळे पोहोचले तेव्हा तो महादेवाच्या जुन्या मंदिराच्या सावलीत बसला होता. निकुंभ राजांनी बाराव्या शतकात बांधलेलं काळ्या दगडाचं मंदिर ते. एक म्हातारे बाबा पारावर बसले होते. "कथाईन उनात रे पोरेहो?" त्यांनी विचारलं आणि पाण्याची कळशी पुढं केली. मुलं पाणी प्यायली आणि भिंतीवरची शिल्पं बघत हिंडली. चौकटीवरच्या एका मूर्तीचे हात गेले होते, पण कमरेवरची साखळी कडी कडी मोजता येत होती. कॅरिअरवरच्या मुलानं ती खरंच मोजली.

मग सरांनी वही उघडली. इथल्या देवीच्या मंदिरात सापडलेला 1207 सालचा शिलालेख त्यांनी उतरवून आणला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभांच्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं त्यात लिहिलं होतं. लेख संस्कृतात होता. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत होत्या. बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला द्यावा. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्या घाण्यांमागं एकेक पळी तेल द्यावं.

"पळीभर तेल? एवढंच?" पहिला हसला. "त्यानं काय होणार?"

सर काही बोलले नाहीत.

परतताना उतार होता. पहिला पुन्हा सुसाट निघाला आणि थोड्याच अंतरावर त्याच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. मागून येणारे गाठेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला नुसता उभा होता. एकानं पिशवीतून सोल्युशनची ट्यूब काढली, दुसऱ्यानं पंप. ठिगळ तिसऱ्याकडं होतं. शेतात कापूस वेचणाऱ्या बाईनं घमेल्यात पाणी आणून दिलं. कॅरिअरवरचा मुलगा पुढं झाला. हवा भरलेली ट्यूब त्यानं पाण्यात धरली आणि हळूहळू फिरवली. एका जागी बारीक बुडबुडे आले. तिथं त्यानं अंगठा दाबून धरला, जागा पुसली, घासली, सोल्युशन लावलं, वाळू दिलं आणि वर ठिगळ बसवलं. चाकात हवा भरून झाली. कोणी काही बोललं नाही.

"बस मधल्या दांडीवर," पहिला त्याला म्हणाला.

उतार संपेस्तोवर दोघं गप्प होते. मग पुढच्यानं विचारलं, "पळीभर तेलात दिवा किती वेळ जळत असेल रे?"

त्या घाणेवाल्यांमधले कितीक जण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक उदाहरणही सोडवू शकले नसते. बैलामागं फिरताना आपलं तेल कुणाच्या समईत पडतं, हेही त्यांनी पाहिलं नसेल. तरी मठातला विद्यार्थी रात्री पोथी उघडायचा तेव्हा ते त्याच्याशेजारी असायचे. विद्या एकट्याच्या हुशारीवर तगत नाही. तिला गावाचं तेल लागतं, आणि तेल देणाऱ्यांचं ऋण शिकणाऱ्यावर राहतं.

त्या रात्री वसतिगृहाच्या जेवणघरात मुलांनी स्वयंपाकाच्या मावशींकडून एक पळी तेल मागून आणलं. पणतीत ओतलं, वात लावली आणि घड्याळ समोर ठेवलं. पहिल्यानं वही काढून त्रैराशिक मांडलं: एका पळीला एवढा वेळ, तर दहा घाण्यांच्या तेलाला किती?

"पण तेव्हाची पळी आपल्या पळीएवढीच होती कशावरून?" कॅरिअरवरचा म्हणाला.

पहिला थबकला. मग त्यानं मांडलेलं सगळं खोडलं, वही दोघांच्या मध्ये सरकवली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "खरंय. तू मांड. चुकलं तर मी सांगतो."