समोरच्याचा कौल

सोल ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस, २ ऑक्टोबर १९८८. जमशिलच्या स्टेडियममध्ये बॉक्सिंगच्या ७१ किलो वजनी गटाचा अंतिम सामना लागला होता. एका कोपऱ्यात यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन, वय २२. दुसऱ्या कोपऱ्यात रॉय जोन्स ज्युनियर, वय अवघं १९. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं पेन्साकोला हे त्याचं गाव आणि बाप हाच त्याचा वस्ताद.

परक्या मुलखातल्या रिंगमध्ये उतरलेल्या बॉक्सरला समोरच्या माणसाइतकंच स्टेडियमच्या आवाजाशीही लढावं लागतं. घरच्या पोराचा ठोसा पाहुण्याच्या ग्लोव्हजवर अडला तरी हजारो गळे गरजतात. पाहुण्याचा ठोसा थेट बरगडीत बसला तरी कुणी हूं की चूं करत नाही. रिंगभोवती बसलेले पंच माणसंच असतात आणि त्यांनाही कान असतात.

त्या दिवशी मात्र आवाजाने झाकावं असं काही नव्हतंच. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही फेऱ्यांत जोन्सचे हात पार्कला दिसतच नव्हते. दुसऱ्या फेरीत रेफरीने लढत थांबवली आणि भांबावलेल्या पार्कसमोर उभं राहून आठ आकडे मोजले. अमेरिकन टीव्हीसाठी ठोशांची मोजदाद चालू होती. तिच्यात जोन्सचे ८६ ठोसे बसले, पार्कचे ३२.

मग निकालाची वेळ आली. दोघांची मनगटं धरून रेफरी मधोमध उभा राहिला. पाच पंचांपैकी सोव्हिएत युनियन आणि हंगेरीच्या पंचांनी जोन्सच्या बाजूने कौल दिला होता. युगांडा, मोरोक्को आणि उरुग्वेच्या पंचांनी पार्कला पसंती दिली होती. तीन विरुद्ध दोन. हात वर गेला तो पार्कचा.

जिंकणारा पोरगा अशा वेळी उड्या मारतो, कोपऱ्यांवर चढतो, झेंडा मागतो. पार्क जोन्सकडे गेला आणि त्याला मिठीत घेऊन त्याने वर उचललं. पुढे दुभाष्यामार्फत त्याने जोन्सला सांगितलं, की माफ कर, ही लढत मी हरलो आहे. पंचांनी दिलेला निकाल रिंगमधल्या सहाव्या पंचाने तिथल्या तिथे फिरवला होता. त्या पंचाचं मत कुठल्याही कागदावर उतरलं नाही, एवढंच.

जोन्स रौप्यपदक घेऊन मायदेशी परतला. सर्वोत्कृष्ट शैलीच्या बॉक्सरला मिळणारी व्हॅल बार्कर ट्रॉफी त्यालाच मिळाली होती. म्हणजे ज्याला अंतिम लढतीत हरलेला ठरवलं, तोच स्पर्धेतला सर्वांत उत्तम बॉक्सर! या निकालावर एवढा गदारोळ झाला, की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून पंचांच्या हाती बटणं आली. पाचापैकी तिघांनी जवळपास एकाच क्षणी बटण दाबलं तरच गुण मिळेल, असा नियम झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची चौकशी १९९७ मध्ये संपली. पंचांनी लाच घेतल्याचा पुरावा मिळाला नाही आणि निकाल कायम राहिला.

हा पक्षपात एकट्या कोरियाच्या माथी मारणंही अन्यायाचं होईल. सोलच्या चार वर्षं आधी लॉस एंजेलिसमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर अमेरिकेने बॉक्सिंगची ९ सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा पंचांच्या नावाने आक्रोश करणारं पथक कोरियाचं होतं. आज जो यजमान, तोच उद्या पाहुणा. हे दुखणं प्रत्येक देशाने दिलंही आहे आणि सोसलंही आहे.

सोलनंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जोन्स व्यावसायिक बॉक्सर झाला. १९९३ मध्ये त्याने बर्नार्ड हॉपकिन्सला हरवून मिडलवेटचं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी, तोवर अजिंक्य असलेल्या जेम्स टोनीला त्याने निष्प्रभ केलं. १९९९ पर्यंत लाइट हेवीवेट गटातले तीन मोठे पट्टे त्याच्या कमरेला होते. २००३ मध्ये जॉन रुईझला हरवून तो हेवीवेटचाही विजेता झाला. मिडलवेटचा एखादा माजी विजेता हेवीवेटच्या शिखरावर पोहोचण्याची ही १०६ वर्षांतली पहिलीच वेळ होती.

पण या सगळ्या लढती अमेरिकेतल्या. त्याच काळात लाइट हेवीवेटचा चौथा मोठा पट्टा जर्मनीत होता, पोलंडमध्ये जन्मलेल्या दारियुश मिखालचेव्स्कीकडे. तोही अजिंक्य. वर्षानुवर्षं चाहते म्हणत राहिले, या दोघांना एकदा समोरासमोर आणा. जोन्सला जर्मनीत जायचं नव्हतं, कारण परक्या पंचांनी काय केलं ते तो विसरला नव्हता. मिखालचेव्स्कीची सारी कमाई, सारा प्रेक्षक जर्मनीत होता. त्यालाही समुद्र ओलांडायची निकड वाटली नाही. मधला समुद्र दोघांनीही ओलांडला नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये सलग ४८ विजयांनंतर मिखालचेव्स्की हॅम्बुर्गमध्ये दुसऱ्याच कुणाकडून हरला आणि तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. जोन्स परदेशी रिंगमध्ये लढायला गेला तो २००९ साली, सिडनीला. तेव्हा त्याची चाळिशी आली होती. पहिल्याच फेरीत लढत संपली आणि तो हरला. त्या हारीने त्याच्या ऐन उमेदीबद्दल कुणाला काहीच सांगितलं नाही.

मग काय, परदेशात न लढलेला बॉक्सर घरचा वाघ समजायचा? या प्रश्नाचं उत्तर वेल्समधल्या जो कॅलझागीकडे आहे. १९९७ पासून तो सुपर मिडलवेटचा विजेता होता, पण अमेरिकेत लढत नाही म्हणून त्याला सतत टोमणे ऐकावे लागत. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचा जेफ लेसी मँचेस्टरला आला. लेसी अजिंक्य होता, त्याच्याकडे पट्टा होता आणि अनेक जाणकारांचा कौलही. कॅलझागीने त्याला बाराही फेऱ्या असं काही झोडपलं, की पंचांची गरजच उरली नाही. पुढच्या वर्षी त्याने कार्डिफमध्ये डेन्मार्कच्या अजिंक्य मिक्केल केसलरला हरवलं. एप्रिल २००८ मध्ये तो अखेर लास वेगासला गेला. हॉपकिन्सने पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडलं. कॅलझागी सावरला आणि जिंकला, पण पंचांचं एकमत झालं नाही. हॉपकिन्सने तो निकाल मनाने कधी स्वीकारला नाही आणि चाहते त्यावर आजही भांडतात. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॅलझागीने जोन्सलाही सहज हरवलं. पण तो ३९ वर्षांचा, उतरणीला लागलेला जोन्स होता.

आता ताळा मांडा. सिद्ध करण्यासाठी म्हणून परदेशात केलेल्या लढतींतून कॅलझागीला एक वादग्रस्त विजय मिळाला आणि दुसरा मिळाला तो थकलेल्या दिग्गजावर. ज्या रात्रीबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही ती त्याच्या स्वतःच्या प्रेक्षकांसमोरची, मँचेस्टरची रात्र. कारण त्याची खरी परीक्षा घेणारा माणूस त्या रात्री तिथे हजर होता. जोन्सची परीक्षा घेऊ शकेल असा माणूस हॅम्बुर्गमध्ये होता, म्हणून जोन्सचा तेवढा कोपरा रिकामा राहिला. त्यात परदेशाचा मान नव्हता की मायदेशाचा कमीपणा नव्हता. प्रश्न एका माणसाचा होता आणि तो माणूस समुद्रापलीकडे होता.

आणि पार्क? ऑलिम्पिकनंतर त्याने रिंगमध्ये लढणं सोडून दिलं. तो शिक्षक झाला, पुढे प्रशिक्षक. मायदेशात मिळालेल्या त्या सुवर्णपदकाने त्याला सुख दिलं नाही. लोकांची बोलणी आणि नैराश्य त्याच्या वाट्याला आलं. रौप्य मिळालं असतं तर आयुष्य अधिक समाधानाचं गेलं असतं, अशी खंत त्याने पुढे बोलून दाखवली. त्याने निकाल मागितला नव्हता, तो पंचांना भेटला नव्हता. तरी त्या निकालाचं ओझं त्यालाच वाहावं लागलं.

मे २०२३ मध्ये पार्क विमानात बसला आणि पेन्साकोलाला जोन्सच्या घरी पोहोचला. ज्याच्या हाताखाली पोरं घडली, असा पन्नाशी ओलांडलेला हा माणूस, सोबत ३५ वर्षांपूर्वीचं सुवर्णपदक. ते त्याने जोन्सच्या हाती दिलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, की हे तुझं आहे. भल्याभल्यांना आडवं करणारा जोन्स रडला. सप्टेंबर २०२५ मध्ये या भेटीचं चित्रण जगासमोर आलं. ऑलिम्पिकच्या नोंदवहीत विजेता म्हणून आजही पार्कचंच नाव आहे. पण सहाव्या पंचाने आपला कौल या वेळी हातात दिला होता.

आपल्याकडच्या तरुण बॉक्सरांना आणि त्यांच्या आईवडिलांना मला या गोष्टीतून एवढंच सांगायचं आहे. 'बाहेर लढला का?' असं कुणी विचारलं तर खजील होऊ नका आणि बाहेर लढून आलात म्हणून फुगूनही जाऊ नका. स्वतःला एवढंच विचारा, मला हरवू शकेल असा माणूस कुठे आहे आणि मी त्याच्यासमोर उभा राहिलो का? तो शेजारच्या तालुक्यात असेल तर तिथे जा. ताश्कंदला किंवा हवानाला असेल तर तिथवर जा. घरच्या पंचांनी तुमच्या पदरात न कमावलेला विजय टाकला, तर पार्कसारखं खरं बोलायची हिंमत ठेवा. ती हिंमत ३५ वर्षांनी आली तरी चालेल, पण पहिल्या मिनिटाला आली तर उत्तम. पार्कला ती दोन्ही वेळा आली, म्हणून मी त्याला मोठा बॉक्सर मानतो.

तात्पर्य : मोठेपण कुठल्या देशाच्या रिंगमध्ये सिद्ध होत नाही. आपल्या तोडीच्या माणसासमोर जो उभा राहतो आणि त्याच्याबद्दल जो खरं बोलतो, तो जिथे उभा असेल तिथे मोठाच असतो.