झेपेल तितकेच

इस्लामबद्दल कुतूहल असणाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न अनेक रूपांत येतो. आजाऱ्यानेही रोजा धरायचा का? गरिबानेही हजला जायचे का? प्रवासातही पाच वेळा नमाज पढायचीच का? या प्रश्नांमागे एक समजूत आहे: हा धर्म म्हणजे सूट नसलेल्या सक्तीची यादी. कुराण आणि फिकहची, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राची, परंपरा पाहिली तर ही समजूत टिकत नाही. सवलत ही मागाहून दिलेली ढील नसून कर्तव्याची व्याख्याच तिच्यासकट केलेली आहे, असे माझे ठाम मत आहे.

रोज्याचेच पाहा. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात जिथे रमजानचे उपवास सांगितले, तिथेच आजारी आणि प्रवासी यांनी ते नंतर कधीही भरून काढावेत असेही सांगितले आहे. हुकूम आणि सूट यांत एका पानाचेही अंतर नाही. नमाज उभ्याने जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून, नुसत्या खुणेने. वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम. प्रवासात नमाजाच्या चार रकातींच्या (आवर्तनांच्या) दोन होतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्या मते प्रवासी दुपारच्या दोन नमाजा एकत्र पढू शकतो. उरलेल्या महाराष्ट्रात मुख्यतः हनफी मत चालते, ते हजखेरीज अशी जोडणी मान्य करत नाही. सूट किती, यावर वाद झाले; सूट असावी का, यावर नाही. जकातीचेही (सक्तीच्या दानाचेही) तसेच. ती देण्याइतकी मालमत्ता म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. एवढी मालमत्ता चांद्रवर्षभर जवळ राहिली तरच चाळिसावा हिस्सा द्यायचा. ज्याच्याकडे तेवढे नाही, तो देणारा नव्हेच. श्रद्धेचा गाभा असलेल्या कलम्यालाही, म्हणजे ईमानाच्या कबुलीलाही, हे लागू आहे: जिवावर बेतले आणि तोंडाने नाकारावे लागले, पण मन ईमानावर ठाम राहिले, तर दोष नाही, असा सोळाव्या अध्यायाचा आशय आहे. छळ सोसलेल्या अम्मार इब्न यासिर यांच्याशी परंपरा तो जोडते.

हजबाबत हा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयातही पोहोचला. हजयात्रेसाठीचे सरकारी अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावे, असा आदेश न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने 2012 मध्ये दिला, तेव्हा कुराणातील आयतीचाच आधार घेतला होता: ज्याला तिथवर पोहोचण्याची ऐपत आहे, त्याच्यावरच हज बंधनकारक आहे. 2018 मध्ये ते अनुदान थांबले. ऐपत नसलेल्याकडून मुळात यात्रेची अपेक्षाच नाही. त्याच्या न जाण्यात कसलीही उणीव नाही.

यावर आक्षेप येतो की इतक्या सवलती म्हणजे पळवाटा. वर्ष भरण्याआधी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून जकात चुकवण्याच्या युक्त्या फकीहांनाही (धर्मशास्त्रज्ञांनाही) ठाऊक होत्या, आणि त्यावर त्यांच्यात कडाक्याची चर्चा झाली. पण मर्यादा ठरवणाऱ्या कोणत्याही कायद्याला हा धोका असतोच, आणि इथे हिशेब शेवटी माणसाच्या नियतीवर, त्याच्या हेतूवर सोपवलेला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सूट ग्रंथात असेल, पण घरात कुठे आहे? पाळीच्या दिवसांत स्त्रीने रोजा धरायचाच नसतो, तो नंतर भरून काढायचा. तरी दिवसा घासभर खाताना तिला आडोसा शोधावा लागतो. इन्शुलिन घेणारी, दीर्घ आजाराची माणसे वैद्यकीय सल्ला डावलून रोजा धरतात, कारण न धरणे लाजिरवाणे वाटते. हा दोष व्यवहाराचा आहे असे म्हणून हात झटकता येणार नाही. रमजानच्या खुतब्यात (प्रवचनात) रोज्याच्या पुण्याइतकेच रोजा न धरण्याच्या हक्काबद्दलही मोकळेपणी बोलायला हवे: कायमच्या रुग्णाने उपवासाच्या प्रत्येक दिवसाऐवजी एका गरिबाला जेवू घालावे, हा फिद्या फिकहने आधीच सांगून ठेवला आहे.