मोजणी कशासाठी?

उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामात गरिबांसाठी निधी गोळा होतो. मुले खाऊचे पैसे डब्यात टाकतात, मोठी माणसे एखादे जेवण सोडून त्याची रक्कम बाजूला ठेवतात. पुढे वर्षाचा हिशेब वाचला जातो: इतक्या वह्या, इतकी ब्लँकेटे, इतके किलो तांदूळ. आपण समाधानाने ऐकतो. परंतु या मदतीने वाडीवरच्या माणसाच्या जीवनात काय बदलले, याचे उत्तर त्या यादीत नसते. आज त्याचा थोडा विचार करू या.

कोणी म्हणेल, मोजायचेच कशाला? उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, असे प्रभू येशूने शिकवले आहे. खरे आहे, पण ती शिकवण दात्याच्या मोठेपणाविषयी आहे. जबाबदारी त्याने टळत नाही. संत पौलाने येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूसही पाठवला, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती आहे त्याला हिशेब चुकत नाही. तेव्हा मोजले पाहिजे. प्रश्न इतकाच, की काय मोजायचे आणि कशासाठी?

मोजमाप फसवे कसे होते याचे उदाहरण अंगणवाडीतच आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर कुपोषण हा जुना प्रश्न. अंगणवाडीत मुलांची वजने घेऊन त्यांची श्रेणी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीचे नवे निकष जाहीर केले आणि २००८ मध्ये आपल्या देशाने ते स्वीकारले. त्याबरोबर तीव्र कमी वजनाच्या गटात मोडणारी मुले वाढली. एकाही मुलाचे वजन घटले नव्हते. फक्त मोजपट्टी बदलली होती. कागदावरचा आकडा सुधारला वा बिघडला, म्हणजे मुलाचे पोट भरले वा रिकामे राहिले असे नव्हे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील तीन जमातींना आदिम जमात मानले आहे, त्यांपैकी कातकरी एक. आपल्या भागातील कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये शाळेच्या पटावर मुलाचे नाव असते, आपण दिलेली वहीही त्याला मिळालेली असते. जानेवारीत ते मूल कुठल्याशा भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळत असते. अशा वेळी पाहणीला गेलेल्यांना वाडीत कोण भेटणार? ज्यांचे बरे चालले आहे ते. सर्वांत गरजू माणूसच मोजणीच्या दिवशी घरी नसतो, म्हणून अहवाल चांगला येतो.

तिसरी अडचण, एकाच आकड्याचे दोन अर्थ निघतात. कर्जत तालुक्यात कशेळे येथे अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी गावांत धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की आदिवासी खावटीसाठी सावकाराच्या दारी जाई आणि सुगीला दिढी-दुपटीने फेडी. त्याऐवजी गावाच्या कोठारातून धान्य घ्यायचे आणि सुगीनंतर थोडे वाढवून तिथेच परत करायचे, अशी ही रीत. १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना सुरू केली. आता समजा, एखाद्या वाडीतली अशी बँक बंद पडली. लोकांनी धान्य फेडले नाही म्हणून ती बंद पडली असेल, किंवा अंत्योदयचे ३५ किलो धान्य रेशनवर मिळू लागल्याने तिची गरज संपली असेल. वहीत दोन्हीकडे शून्यच लिहिले जाईल. त्या शून्याचा अर्थ वाडीतल्या बाईलाच विचारावा लागेल.

काही गोष्टी तर आकड्यात बसतच नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. पुढे वाचलेल्यांसाठी चौकजवळ ४४ घरे बांधण्यात आली. घरे मोजता येतात, आणि ती बांधणे आवश्यकच होते. पण रात्री पावसाचा जोर वाढल्यावर त्या घरात झोप लागते का, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

पवित्र शास्त्रात दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने आपल्या लोकांची शिरगणती केली, ती आपले बळ पाहण्यासाठी. योवाबाने त्याला आधीच सावध केले होते आणि नंतर दावीदाचे मनही त्याला खाऊ लागले. दुसरी मोजणी संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाची. एक मेंढरू हरवले हे त्याला कसे कळले? मोजल्यामुळे. मोजले नसते तर नव्याण्णवांचा कळप त्याला भरलेलाच वाटला असता. पण त्याने नव्याण्णवांचा अहवाल लिहिला नाही. तो शंभराव्याच्या शोधात निघाला. आपली मोजणी या दोहोंपैकी कोणती, हे प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावे.

फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसला संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली, तेव्हा गरिबाच्या घरी जाऊन भेट घेणे हेच तिचे मुख्य काम ठरले. ती साधी रीत आजही उपयोगी आहे. मदत दिल्यावर सहा महिन्यांनी त्याच वाडीवर पुन्हा जावे, आणि शक्यतो भट्टीच्या दिवसांतही जावे. कोणाला मिळाले याबरोबर कोण गैरहजर होते, हेही लिहावे. मदत घेणाऱ्यालाच विचारावे, ‘तुमच्या दृष्टीने काय बदलले?’ उत्तर ‘काही नाही’ असे आले तर तेही हिशेबात वाचून दाखवावे. आणि एखादी मुलगी दहावी झाली, तर तिच्या आईचे कष्ट, आश्रमशाळेचे शिक्षक आणि तिची स्वतःची जिद्द यांच्या आधी आपल्या वह्यांचे नाव घेऊ नये.

यंदाचा निधी देताना रकमेबरोबर आपण थोडा वेळही देऊ या. हरवलेल्याला शोधणाऱ्या उत्तम मेंढपाळाने आपल्याला त्याची दृष्टी द्यावी, हीच प्रार्थना.