वेगाला कायदा नाही

इंटरनेटवरच्या मजकुराची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आपल्या कायद्याने आधी पोस्टमनचं उत्तर दिलं. पत्रात धमकी असली म्हणून पोस्टमनला कोणी पकडत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात हा विचार अर्धाकच्चा होता. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कोणा विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि अटक झाली ती कंपनीच्या प्रमुखाला. मग २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ चं संरक्षण वाढवलं. गंमत अशी, की आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६-अ आलं तेही याच दुरुस्तीतून. कंपनी सुटली आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावर तीन वर्षांच्या कैदेची टांगती तलवार आली.

ती पडली पालघरमध्ये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर शंका काढली, दुसरीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ६६-अ रद्दच केलं. निकाल थोर होता. पण त्यातलंही चित्र जुनंच: एकजण बोलतो, दुसरा ऐकतो, मधला नुसता पोचवतो.

तोवर मधला कधीच बदलला होता. कोणाला काय आधी दाखवायचं हे फेसबुक आणि यूट्यूब ठरवत होते, आणि जाहिरातींचं उत्पन्न त्या निवडीवरच उभं होतं. टपाल स्वतःच निवडून वाटणाऱ्याला पोस्टमन कसं म्हणायचं?

व्हॉट्सॲपवर तर अशी निवडही नाही. तिथे माणसंच माणसांना पाठवतात. म्हणून मला राईनपाडा जास्त अस्वस्थ करतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. तशा अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होत्या. त्या पुढे ढकलणाऱ्यांतल्या अनेकांना आपण शेजाऱ्याला सावध करतोय, असंच वाटलं असणार. ६६-अ शाबूत असतं तरी इथे कोणाला पकडणार होतं?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. अशा संदेशांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचाच, तेव्हा जपून घ्यावा. तरी कोणाचाही मजकूर न वाचता, कोणालाही न पकडता हे झालं, याकडे आपल्या धोरणकर्त्यांचं लक्ष जायला हवं होतं.

ते गेलं भलतीकडेच. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून द्या म्हटलं. म्हणजे सगळ्यांच्याच पत्रव्यवहाराची गुप्तता पणाला. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कारभाराविषयी खोटं काय, हे ठरवायला केंद्राचाच तथ्य-तपासणी कक्ष योजला. आरोपीनेच न्यायाधीश व्हायचा हा बेत कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडून काढला.

युरोपने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात प्रश्नच फिरवला. साडेचार कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या मंचांनी आपल्या रचनेमुळे निवडणुकांना आणि सार्वजनिक चर्चेला काय धोका होतो, हे स्वतः तपासायचं, बाहेरच्या लेखापरीक्षकाला दाखवायचं, संशोधकांना माहिती द्यायची. चुकलात तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. तिथेही मोठ्या मंचांवरचा अंमल युरोपीय आयोगाकडे, म्हणजे शेवटी कार्यपालिकेकडेच आहे, हे मला खटकतं. आपल्याकडे असं काही करायचं तर ते मंत्रालयाच्या हाती नसावं. संसदेला उत्तर देणारी, सरकार बदललं तरी न बदलणारी संस्था त्यासाठी हवी.

तूर्त, पाचांची ती मर्यादा कंपनीची मर्जी आहे. उद्या तिने ती पन्नासांवर नेली, तर त्याआधी कोणाला विचारावं असं एकही कलम आपल्या कायद्यात नाही.