गुन्हेगार तोच, तपास आपला

अगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) या कादंबरीत खुनाच्या जागी एक रुमाल सापडतो. त्यावर भरतकामात काढलेले इंग्रजी एच हे अक्षर. साहजिकच एचवरून नाव सुरू होणाऱ्या बाईचा शोध सुरू होतो. रुमाल असतो नतालिया नावाच्या वृद्ध रशियन राजकन्येचा. रशियन लिपीतला ‘न’ हुबेहूब एचसारखा दिसतो.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला ही मेख समजावून सांगावी लागत नाही. दोन लिप्यांच्या मध्ये उभे राहिले की डोळा कसा फसतो, हे त्याला पाट्या वाचता वाचता लहानपणीच कळलेले असते. कन्नडमधला एकचा आकडा म्हणजे जवळजवळ वर्तुळच, फक्त थोडेसे उघडे. तंबाखूच्या वखारीतल्या वहीत कुणी तो घाईने लिहिला, शाई जरा पसरली, की एकवीस पोत्यांची वीस होतात. चोरी झाली की नाही, हा प्रश्नच त्या एका फटीवर उभा राहतो.

गाजलेल्या रहस्यकादंबरीचा व्हिडिओ गेम करायचा म्हटले की करणाऱ्यांना पहिली धास्ती असते ती शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकाची. ख्रिस्तीच्याच ‘अँड देन देअर वेअर नन’वर २००५ साली गेम आला. त्यात बेटावर अडकलेल्या दहा जणांत एका नावाड्याची भर घातली होती आणि खुनीही बदलला होता. ‘ओरिएंट एक्स्प्रेस’वर मायक्रॉइड्सने २०२३ मध्ये काढलेल्या गेममध्ये काळ आजचा केला, जोआना लॉक नावाची नवी गुप्तहेर आणली आणि कथा पुढे वाढवली. व्यवसायाची अडचण मला समजते, पण खुनी बदलणे ही मला पळवाट वाटते. उत्तम रहस्यकथेत प्रत्येक दुवा त्या एकाच माणसाकडे बोट दाखवत असतो. माणूस बदलला की ते दुवे नुसती सजावट होऊन बसतात.

खरी अडचण शेवटाची नाहीच. कादंबरी वाचताना आपल्याला हुशार असावे लागत नाही. आपण वॉटसनच्या शेजारी बसतो, होम्सला दिसते ते आपल्यालाही दिसते, त्याला कळते ते मात्र आपल्याला कळत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात आपली झालेली हार आपण आनंदाने मान्य करतो. गेममध्ये हार मान्य करून पान उलटता येत नाही. खेळणारा अडला की कथाच थांबते. म्हणून पुष्कळ गेम सोपा मार्ग काढतात: खोलीतल्या दहा वस्तूंवर बोट ठेवा, दहाही झाल्या की पडद्यावरचा गुप्तहेर निष्कर्ष जाहीर करतो. खेळणाऱ्याकडे उरते ती हवालदाराची उठाठेव, विचार दुसऱ्याच कुणीतरी केलेला असतो. असा गेम खेळण्यापेक्षा मी मूळ पुस्तक पुन्हा वाचेन.

याहून चांगले करता येते, हे फार पूर्वीच दिसले होते. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या नुसत्या अक्षरांच्या गेमच्या खोक्यातच जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पुराव्यातल्या गोळ्या कागदोपत्री नव्हे, हातात घेता येतील अशा दिलेल्या होत्या. कथेतल्या घड्याळात बारा तास मिळायचे. विचार करायचा तो आपणच. २०१८ चा लुकस पोपचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ कोणत्याही कादंबरीवरचा नाही, तरी रहस्यकथेचे मर्म त्याने सर्वांत नेमके पकडले असे मला वाटते. ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज, त्यावरची साठ माणसे. कोण कोण होते आणि कुणाचे काय झाले, हे पोशाखावरून, सोबतीवरून, बोलण्याच्या ढबीवरून ओळखायचे. आपण बरोबर ठरलो का, हे तीन जणांचे उत्तर अचूक जुळल्याशिवाय गेम सांगतच नाही, त्यामुळे ठोकताळ्यांवर फार काळ निभत नाही. माणसाची भाषा हाच तिथे पुरावा आहे, आणि सीमाभागाला त्या जहाजावरून उचलण्यासारखे काही असेल तर ते हेच.

मराठीत असा गेम करायचा तर पहिले नाव बाबूराव अर्नाळकरांचे. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा लेखक. त्याच्या धनंजय-छोटू आणि झुंजार या नायकांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पण अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे साठ वर्षांच्या नियमाने त्यांच्या पुस्तकांचे हक्क अजून बराच काळ वारसांकडे राहणार. कॉनन डॉइल १९३० मध्ये गेला, तो केव्हाच मोकळा झाला. शिवाय परकी कलाकृती आपलीशी करणे आपल्याला नवे नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तो आपल्या रंगभूमीवर परका वाटला नाही.

मग ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ उचलून खानापूरच्या पावसाळी रानात ठेवावी, हा मोह कुणालाही होईल. धुके आहे, चिखल आहे, जुने वाडे आहेत. पण एवढ्याने झाला तो देखाव्याचा बदल. रहस्यकथा उभी राहते ती कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला नाही, यावर. ही वाटणी जिथे वेगळी, तिथे तपासही वेगळा व्हायला हवा. सीमाभागात ती फारच वेगळी आहे.

निपाणीचे देवचंद कॉलेज घ्या. शहर कर्नाटकात, तर कॉलेज लगतच्या अर्जुननगरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. मुले रोज राज्य ओलांडून तासाला बसतात. आता कल्पना करा की मोटारसायकल सापडली या बाजूला आणि माणूस त्या बाजूला. दोन पोलीस ठाणी, दोन भाषांतले कागद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने गुन्ह्याची पहिली खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देण्याची सोय कायद्यात आणली, पण पुढचा तपास हद्दीप्रमाणेच जातो. इथे होम्स आला तरी अर्धी जबानी त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावी लागेल. एकाच डोक्यात सगळे ज्ञान असलेला गुप्तहेर या मुलखात टिकणार नाही, आणि मला नेमका तोच गेम हवा आहे.

त्यात खेळणाऱ्याच्या हातात जमिनीचा उतारा पडावा, तो कन्नडमध्ये, आणि पडद्यावर भाषांतराची खिडकी उघडू नये. हे अवघड करायचे म्हणून केलेले अवघड नाही. स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारी मराठी माणसे या भागात खरोखर आहेत, आणि मराठीत कागद मिळावेत ही मागणी जुनी आहे. कुणाकडून वाचून घ्यायचे, हा निर्णय खेळणाऱ्याचा. कचेरीबाहेरचा एजंट झटपट वाचतो आणि बोजाची ओळ गाळतो. शेजारची कन्नड शाळेत शिकणारी मुलगी अक्षर न अक्षर वाचते, पण बोजा म्हणजे काय हे तिला माहीत नसते. तलाठ्याला सगळे ठाऊक असते, फक्त त्याला विचारले की गावाला कळते. तिघेही खोटे बोलत नाहीत. तरी तिघांकडून मिळालेले सत्य वेगळे, आणि ते जुळवणे हाच तपास. कादंबरीत हे इतके थेट साधत नाही, कारण कथा सांगणाऱ्याला दोन्ही भाषा येतात आणि वाचकाला आयते कळते.

दुसरा साक्षीदार विडी वळणारी बाई. मांडीवर सूप, त्यात कापलेली पाने आणि तंबाखू. एवढ्या मालात किती विड्या व्हायला हव्यात, हे तिच्या हाताला पाठ असते. कारखान्याच्या हिशेबात छाट म्हणून किती विड्या कापल्या हे तिला दाखवा. हिशेब कुठे वाकवला ते ती वही न वाचता सांगेल. पण ती सांगेल कुणाला? खेळणाऱ्याने आधी बसून तिचे काम पाहिले असेल, तरच. निपाणीच्या महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवता चालवता तिथल्या कष्टकऱ्यांच्या कथा लिहिल्या. या गेमचे संवाद लिहिणाऱ्याने आधी मोरे वाचावेत, मग ख्रिस्ती.

एका गोष्टीला मात्र हात लावू नये. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात निपाणीजवळ शेतकरी हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसे गेली. नाट्य भरपूर आहे म्हणून कुणी त्यावर कोडे रचायला जाईल. त्या मृत्यूंमागे शोधून काढायचा अज्ञात खुनी नव्हता, आणि गुणांसाठी ते मरण पुन्हा पुन्हा खेळायला देणे मला पटणार नाही.

गेम करणारे हात दूर शोधावे लागणार नाहीत. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आणि इथल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत दोन्ही भाषांची मुले एका बाकावर बसतात. त्यांनी दोन आवृत्त्या कराव्यात. मराठी आवृत्तीत कन्नड कागद तसेच ठेवावेत, कन्नड आवृत्तीत मराठी कागद. दोन्हींत मिळून एकच कागद सारखा असावा: एखाद्या जुन्या पेढीच्या दप्तरातले मोडीतले खत. खुनाचे कारण त्यातच असेल, आणि तिथे दोन्हीकडचे खेळणारे सारखेच अडतील.