शंकासमाधान : खातरजमा किती वेळा करावी?

शंका : नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षे गुरुग्रामात अकराव्या मजल्यावर राहतो. दाराच्या कडीला हात लागला तरी माझी पत्नी पुन्हा पुन्हा हात धुते. पाण्याचा टँकर मागवावा लागतो त्या दिवशीही यात खंड पडत नाही, आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या आहेत. स्तोत्र म्हणताना देवाविषयी अभद्र शब्द मनात येतात, म्हणून ती ते पहिल्यापासून म्हणू लागते. मी सायबर सिटीत कामावर असताना तिचे फोन येतात, “विटाळ झाला नसेल ना? पाप लागणार नाही ना?” मी दर वेळी “नाही” म्हणतो. आता डॉक्टर म्हणतात, हे उत्तर देणे थांबवा. पत्नीला धीर नाकारणे अधर्म नव्हे काय?
— एक वाचक

समाधान : अधर्म नव्हे. मराठीत या विकाराला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे आणि मंत्र चुकला की बुद्धी चळते अशी पूर्वीच्या लोकांची समजूत त्यात साठलेली आहे. वस्तुतः चुकीमुळे बुद्धी चळत नसून, चूक झाली असेल ही शंकाच या आजारात शमत नाही. आपल्या “नाही”ने पत्नीची भीती घटकाभर ओसरते खरी, परंतु त्याच घटकेत तिचे मन असे शिकते की ही खातरजमा झाली नसती तर अनर्थ ओढवला असता, आणि म्हणून पुढचा तगादा अधिक लवकर येतो.

आता शास्त्राविषयी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तीन गोष्टी सदैव शुद्ध मानल्या आहेत : जिचा दोष ठाऊक नाही ती, पाण्याने धुतलेली ती, आणि वाणीने शुद्ध म्हणून सांगितलेली ती. कडीला कोणाचा हात लागला असेल याचा छडा लावण्याचे ओझे स्मृतिकारांनी गृहिणीच्या शिरावर मुळीच ठेवलेले नाही. धुणे एकदा झाले की झाले, सांगणे एकदा झाले की झाले.

अभद्र विचारांचे दुःख याहून खोल असते, कारण ते कोणापाशी बोलवत नाही. ज्या गोष्टीवर मनाची सर्वाधिक प्रीती, नेमके तिथेच हा आजार बोट ठेवतो. भाविकाच्या मनात देवनिंदेचे शब्द येतात, तान्ह्या मुलाच्या आईला आपल्याच हातून त्याला इजा होईल अशी धास्ती वाटते. संकल्पावाचून आलेला आणि आल्याबरोबर नकोसा झालेला विचार पाप कसा ठरेल? स्तोत्र मागे न फिरता तसेच पुढे म्हणावे. मंत्रात, क्रियेत आणि भक्तीत राहिलेल्या उणिवांबद्दल क्षमा मागण्याचा पाठ आपल्या पूर्वजांनी पूजेच्या अखेरीस मुद्दाम घालून ठेवला आहे. उणीव राहणारच हे त्यांनी गृहीत धरले होते.

मात्र आपली उत्तरे एका दिवसात बंद करू नका. पत्नी शांत असेल अशा वेळी दोघांनी बसून ठरवावे आणि मग फोन आला की इतकेच म्हणावे, “हे आजार विचारतो आहे; उत्तर देत नाही, पण मी तुझ्याजवळ आहे.” कडीला हात लावून, न धुता, मनाची तगमग आपोआप ओसरेपर्यंत थांबणे, हीच या उपचाराची मुख्य रीत असून लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली ती प्रथम मांडली. हे पायरीपायरीने, तिच्या संमतीने आणि जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे. नळ बंद करून किंवा रागे भरून कोणी बरे होत नाही. औषधांचा गुण दिसायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात, ही मुदत संपण्यापूर्वी ती सोडू नयेत. आपल्या मिलेनियम सिटी सेंटर स्थानकावरून पिवळ्या मार्गाची मेट्रो थेट दिल्लीच्या एम्सपाशी जाते आणि तेथे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

भेगांना रात्री खोबरेल तेल लावून द्यावे. हे उत्तर पत्नीला जरूर वाचून दाखवा, मात्र एकदाच. तिने पुन्हा वाचायला सांगितले तर कागद मिटून तिच्या शेजारी बसा.