काटक मासा कोणाला म्हणायचं?

नवा मोठा फिशटँक बसवला, पाणी भरलं, क्लोरीन घालवला, फिल्टर सुरू केला, की दोन दिवसांत पाणी काचेसारखं नितळ दिसतं. माशांसाठी ते सगळ्यात धोक्याचं असतं ते याच दिवसांत.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो विरून जातो, टँकमध्ये साचतो. जुन्या टँकमध्ये दोन तऱ्हेचे जीवाणू त्याचा बंदोबस्त करत असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियाने कल्ले होरपळतात. नायट्राइटमुळे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य. पाणी बदलून ते कमी करता येतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर थर धरून राहतात आणि फार सावकाश वाढतात. तो थर नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मासे पाळणारे याला टँक ‘सायकल होणं’ म्हणतात.

आता अडचण अशी, की जीवाणू वाढायला अमोनिया लागतो. टँक रिकामा असेल तर तो द्यायचा कोणी?

याचं जुनं उत्तर सोपं आहे. आधी चार-पाच स्वस्त, काटक मासे सोडायचे. ते अमोनिया देतील, जीवाणू वाढतील. जगले तर जगले. महिन्याभराने पाणी ‘तयार’ झालं, की खरा पाहुणा आणायचा.

हा खरा पाहुणा म्हणजे, उदाहरणार्थ, मोटोरो. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, गोड्या पाण्यातला पाकट. कोकणात बाजारात दिसतो त्या पाकटाचा लांबचा भाऊबंद. अंगावर नारिंगी ठिपके, शेपटीत विषारी काटा. गांडुळं, कोळंबी, छोटे मासे खाणारा शिकारी. पण अंगावर नेहमीच्या माशांसारखे खवले नाहीत, आणि अमोनिया-नायट्राइट त्याला अजिबात सोसत नाही. तो तळाशी पसरून राहतो, म्हणून त्याला उंचीपेक्षा तळ मोठा लागतो, आणि तळाला मऊ वाळू. हीटरवर अंग टेकून भाजू नये म्हणून हीटरला जाळीही लागते. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच टँक धरला तर त्यात सुमारे १,८०० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पावणेदोन टनांच्या वर.

एवढी तयारी करणारा माणूस निष्काळजी नसतो. म्हणून तर प्रश्न जास्त टोचतो. एका माशाच्या कातडीची इतकी काळजी घेणारे आपण त्याच पाण्यात दुसऱ्या माशाचे कल्ले होरपळू देतो, ते कशाच्या बळावर?

‘तो काटक आहे’ या एका शब्दाच्या बळावर. पण काटक म्हणजे त्रास न होणारा नव्हे, त्रास होऊनही लगेच न मरणारा. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेतापेशी दाखवल्या. ओठात ॲसिड टोचलेले मासे टँकच्या तळाशी ओठ घासत होते, खाणं टाळत होते. माशाला होणारी वेदना आपल्या वेदनेसारखी असते का, यावर वाद चालूच आहे. पण जो मासा जास्त सोसतो त्याला सोसायला लावणं रास्त, हे त्या वादाच्या कुठल्याच बाजूने सिद्ध होत नाही. ‘काटक’ हे वर्णन होतं, आपण त्याचा परवाना केला. शिवाय त्या परवान्यामागे किंमतही लपलेली असते. काटक मासा महाग असता, तर त्यालाही आपण नाजूकच म्हटलं असतं.

हे फक्त टँकमध्ये चालत नाही. नव्या कॉलेजची पहिली बॅच, नव्या कंपनीतले बिनपगारी इंटर्न, नव्या इमारतीचा पाया खणणारे मजूर. जागा राहण्याजोगी होईपर्यंतचा त्रास कोणीतरी काढतं, आणि त्याला ‘तू काय, करशील ॲडजस्ट’ म्हटलं जातं. ज्याची सोसण्याची ताकद जास्त, त्याच्याच वाट्याला आणखी सोसणं टाकायची आपली सवय जुनी आहे.

यावर कोणी म्हणेल, पाकट शिकारीच आहे. तो मासे खाणारच. मग चार स्वस्त माशांसाठी गळा काढण्यात काय अर्थ?

आक्षेप बिनबुडाचा नाही. पण पाकट खातो ते त्याला दुसरा मार्ग नाही म्हणून. आपल्याला मार्ग आहे. बाटलीतला अमोनिया किंवा अमोनियम क्लोराइड मोजून घालता येतं. ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी टँकमधला थोडा स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवला, तर काम बरंच लवकर होतं. ठरलेला अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टँक तयार. मध्ये एकही मासा लागत नाही. आणि सवय लावली तर बहुतेक पाकट मेलेली कोळंबीही खातात, म्हणजे तिथेही जिवंत मासा लागतोच असं नाही.

लागतात ते आठवडे. काटक मासे टँकसाठी नव्हे, आपल्या घाईसाठी मरतात. ही घाई आपली आहे, तर तिची किंमतही आपणच द्यावी. ती फार मोठी नाही. रिकाम्या टँकमध्ये पंप गुरगुरत असतो, टेस्ट किटच्या नळीतला रंग रोज तपासायचा असतो आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘अरे, मासे कुठायत?’

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. नदीतला प्राणी काचेत ठेवावाच का? सहा आठवडे थांबल्याने त्याचं उत्तर मिळत नाही. पण मोटोरो दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. ज्याला रिकाम्या टँकसमोर सहा आठवडे काढवत नाहीत, त्याने तो दहा वर्षांचा शब्द कुणाच्या जिवावर द्यावा?